नाव देण्याआधी

‘यंदा काही नवीन जात सापडली का?’ हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकावा लागतो. नातेवाईक विचारतात, वर्तमानपत्रवाले विचारतात, अलीकडे शाळेतली मुलेही विचारतात. अळंब्यांचे वर्गीकरण करणारी बाई जंगलात जाते, कुणी न पाहिलेली छत्री तिच्या पायाशी उगवलेली असते आणि ती तिला नाव देऊन मोकळी होते, असे बहुतेकांना वाटते. माझ्या नोकरीची सगळी वर्षे याच कामात गेली, पण त्यातला नाव देण्यात गेलेला वेळ अगदी थोडा. समोरच्या अळंबीला आधीच कुणी नाव देऊन ठेवले आहे का, हे शोधण्यातच बाकीची वर्षे सरली. बहुतेक वेळा ते दिलेले असते.

मला खरे तर फुलझाडांवर काम करायचे होते. एम.एस्सी. झाल्यावर मार्गदर्शकांनी बुरशी पुढे केली, कारण जागा तिथे रिकामी होती. माझ्या वर्गातल्या कुणालाच ती नको होती. फुलझाड वाळवून कागदावर चिकटवले की वर्षानुवर्षे ओळखू येते. अळंबी सकाळी पांढरीशुभ्र असते, दुपारी पिवळट पडते आणि संध्याकाळी तिच्यात अळ्या वळवळू लागतात. शिवाय ती धड वनस्पती नाही, प्राणी तर नाहीच. बुरशीचे राज्य वेगळे, तरी तिच्या नावांचे नियम मात्र वनस्पतींच्या संहितेत. २०११ साली मेलबर्नला जागतिक वनस्पतिशास्त्र परिषद भरली, तेव्हा कुठे त्या संहितेच्या शीर्षकात कवकांचा उल्लेख आला. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा २०१७ सालचा एक अंदाज आहे. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. हे आकडे ऐकले की हात घालू तिथे नवीन जात मिळेल असे वाटते. घोळ असा, की आपल्या हातातली अळंबी त्या दीड लाखांतली आहे की बाहेरची, हे तिच्याकडे बघून कळत नाही.

माझे पहिले मोठे काम वारुळावरच्या अळंब्यांचे होते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ‘रोवण अळमी’ म्हणून ज्या हातोहात खपतात, त्या याच. शास्त्रात त्यांच्या कुळीला टर्मिटोमायसेस म्हणतात. आजवर तिच्यात तीस-चाळीस जाती मानल्या गेल्या आहेत. या बुरशीचे आणि वाळवीचे नाते मोठे विलक्षण आहे. कामकरी वाळव्या पालापाचोळा, लाकूड खातात. ते पोटातून अर्धवट पचून बाहेर पडले की त्याच्या स्पंजासारख्या पोळ्या रचतात आणि त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते. बुरशी लाकूड पचवून देते, वाळव्या तिचे बारीक पांढरे गोळे खातात. पावसाळ्यात त्याच पोळ्यांवरून अळंबी निघते आणि माती फोडून वर येते. त्यासाठी तिच्या टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा असतो आणि जमिनीखाली मुळासारखा लांब देठ असतो. वाळवीशिवाय ही बुरशी अळंबी धरत नाही, म्हणून धिंगरीसारखी तिची शेती अजून कुणाला जमलेली नाही.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्षात अळंबी कशी गोळा करायची, ते मला गोव्याच्या हद्दीजवळच्या एका गावातल्या आजींनी शिकवले. मी चाकूने देठ कापत होते. त्या मागून म्हणाल्या, “बाये, वरच्यावर तोडू नको, खणून काड. मूळ खाली रोवणात असता.” त्यांनी काठीने माती उकरली तशी वीतभराहून लांब देठ हाताला लागला आणि त्याच्या तळाशी पोळीचा तुकडा निघाला. टर्मिटोमायसेसच्या ओळखीतली निम्मी लक्षणे जमिनीखाली असतात: देठ निमुळता होतो की फुगतो, त्याचा रंग काय, तो पोळीला कसा चिकटतो. जुन्या संग्रहांतले कितीतरी नमुने वरच्यावर तोडलेले आहेत आणि म्हणूनच आज त्यांचा निवाडा करता येत नाही. त्या आजींना आपल्या परिसरातल्या अळंब्या महिना, जागा आणि वास यांवरून ओळखता येत. कुठले रोवण कधी उठते हे त्यांना पाठ होते. पुढे बरीच वर्षे मी कुठल्याही गावात गेले की आधी अशी कुणीतरी बाई शोधायची आणि मग रान.

नमुना हातात आला की घाई सुरू होते. रंग, वास, चीर दिल्यावर मांसाचा रंग बदलतो का, खालच्या पात्या देठाला चिकटल्यात की सुट्या, कडं आहे की नाही, हे सगळे ताज्या अळंबीवरच टिपून घ्यावे लागते. मग एक टोपी देठापासून वेगळी करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घालायची आणि वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत बीजाणूंची रांगोळी पडते. टर्मिटोमायसेसची रांगोळी फिकट गुलाबी असते. तेवढ्या एका गोष्टीवरून पांढऱ्या बीजाणूंच्या किती तरी तोतया अळंब्या बाजूला काढता येतात. राहिलेला नमुना चाळीस-पन्नास अंश तापमानात वाळवायचा. आमच्याकडे बल्ब बसवलेले लाकडी खोके होते. कोकणातल्या पावसात वीज गेली की ते खोके आणि आम्ही सारखेच निरुपयोगी. डीएनएसाठी एक बोटभर तुकडा वेगळा काढून सिलिका जेलमध्ये ठेवायचा. हे सगळे होईपर्यंत रात्र उलटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघायचे असते, कारण अळंबी काढणारे तुमच्यासाठी थांबत नाहीत.

प्रयोगशाळेतले काम संथ. वाळलेल्या पातीचा नखाएवढा काप पोटॅशच्या द्रावणात फुगवायचा, काँगो रेडने रंगवायचा आणि तेलाच्या भिंगाखाली बीजाणू मोजत बसायचे. लांबी सहा ते आठ मायक्रॉन, रुंदी त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग आयोडीन असलेले मेल्झरचे द्रावण टाकून भिंती निळ्या पडतात का ते पाहायचे. टर्मिटोमायसेसच्या पडत नाहीत. दिवसभर मोजून शेवटी वहीत एक ओळ पडते. घरचे विचारत, आज काय केलेस? सांगण्यासारखे काही नसे.

माझ्या कामाला वळण लागले ते एका सड्यावरच्या वारुळामुळे. तिथून आणलेल्या अळंब्या मध्यम आकाराच्या, करड्या टोपीच्या होत्या आणि देठावर कडं नव्हतं. आपल्या भागातली नेहमीची जात पांढरट, मध्यावर तपकिरी आणि ठळक कड्याची. या दोन्ही एक कशा असतील? गटातल्या तरुण मुलांनी तर नावाचा विचारही सुरू केला. आमच्या वरिष्ठांनी नमुने पाहिले आणि म्हणाले, “त्याच वारुळावर पुढच्या वर्षी जा. त्याच्या पुढच्या वर्षीही जा.” आम्ही गेलो. एका सालात तेच वारूळ कडेवाल्या अळंब्या देई, दुसऱ्या सालात बिनकड्याच्या. पाऊस मध्येच ओढला की अळंब्या बुटक्या आणि काळपट येत. उघडीप मिळाली की कडं वाळून गळून पडे. डीएनए आला तेव्हा दोन्ही एकाच जातीच्या ठरल्या, टर्मिटोमायसेस हायमी. ही जात के. नटराजन यांनी दक्षिण भारतातून १९७९ साली वर्णिलेली आहे. नवीन काही निघाले नाही. एकच जात पावसागणिक किती रूपे घेते, याचा एक साधा निबंध आम्ही लिहिला. तो फार कुणी वाचला नसेल. तरी माझ्या सगळ्या लेखनातला उपयोगी निबंध कोणता असे विचारले, तर मी त्याच्याकडेच बोट दाखवीन, कारण त्यामुळे या जातीची आणखी दोन-तीन फुकटची नावे टळली.

फुकटची नावे कशी साचतात, हे याच कुळीचा इतिहास सांगतो. १८४७ साली इंग्लंडमधल्या माइल्स बर्कली या पाद्री कवकतज्ज्ञाने श्रीलंकेहून आलेल्या वाळक्या नमुन्यांवरून एका अळंबीला अगॅरिकस यूऱ्हायझस हे नाव दिले. त्या काळी पात्या असलेली जवळपास प्रत्येक अळंबी अगॅरिकसमध्ये घालत. पुढे याच गटातल्या अळंब्या वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या कुळींत हलवल्या. कुणाला देठ महत्त्वाचा वाटला, कुणाला कडं, कुणाला बीजाणूंचा रंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतच पेरादेनियाच्या उद्यानात टॉम पेच यांनी वारुळे खणून पाहिली आणि वेगळी म्हणून छापलेली कित्येक नावे एकाच अळंबीची असल्याचे मांडले. शेवटी १९४२ साली रोजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाळवीशी असलेले नाते हेच मुख्य लक्षण मानून टर्मिटोमायसेस ही कुळी उभी केली. जवळजवळ शंभर वर्षे अळंबी तीच होती. बघणाऱ्यांना वेगवेगळ्या टोकांनी ती दिसत होती. युरोपात बसून पेटीतले तुकडे बघणाऱ्याला वारूळ दिसणार कुठून?

डीएनए आल्यावर हा घोळ मिटेल असे आम्हाला वाटले होते. काही ठिकाणी तो खरोखर मिटला. २०१२ साली बुरशींच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनएचा तुकडा प्रमाण म्हणून सुचवला गेला आणि लहान प्रयोगशाळांनाही काम करता येऊ लागले. २०१४ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या दोन शास्त्रज्ञांनी दुकानातून आणलेल्या सुक्या पोर्चिनीच्या एका पाकिटातले तुकडे तपासले, तर त्यांत नाव नसलेल्या तीन जाती निघाल्या. माल चीनचा होता. लोक त्या अळंब्या वर्षानुवर्षे खात होते आणि शास्त्राच्या दप्तरी त्यांची नोंदच नव्हती. आपल्याकडच्या आठवडी बाजारांतही असे काही असू शकेल, म्हणून मी तेव्हापासून भाजीवालीकडूनही वाळक्या अळंबीचे चार तुकडे मागून आणते.

पण डीएनएवर डोळे मिटून विसंबताही येत नाही. वारुळाच्या पोळीत टर्मिटोमायसेसबरोबर झायलेरिया गटातली दुसरी बुरशीही दबा धरून असते. नमुना नीट घेतला नाही तर उत्तर तिचेच येते. शिवाय जागतिक माहितीकोशांत बऱ्याच नोंदी चुकीच्या नावाने चढवलेल्या आहेत. तुमचा डीएनए ९९ टक्के जुळला असे संगणक सांगतो. तो कुणाशी जुळला आणि त्याला ते नाव कुणी दिले, हे विचारायचे काम माणसाचेच. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने पडद्यावरचे नाव थेट वहीत उतरवले होते. मी त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. आठवडाभराने तोच येऊन म्हणाला, “मॅडम, बीजाणूंचा रंगच जुळत नाही.” त्यानंतर त्याला फार काही शिकवावे लागले नाही.

एवढे सगळे पार करून एखादी अळंबी खरोखरच कुठल्याही नावात बसत नाही असे ठरले, तर पुढचे काम कागदपत्रांचे. २०११ पर्यंत वर्णन लॅटिनमध्ये द्यावे लागे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. २०१३ पासून नाव मान्य कोशात नोंदवून त्याचा क्रमांक छापणे बंधनकारक झाले. क्रमांक नसेल तर नाव ग्राह्य नाही. सगळ्यात महत्त्वाचा एक नमुना, ज्याला आम्ही प्रारूप नमुना म्हणतो. तो कुठल्यातरी मान्य संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याला जे महत्त्व, ते नावाच्या व्यवहारात या वाळक्या तुकड्याला. वर्णन कितीही सुंदर लिहिलेले असो, वाद झाला की लोक नमुना काढून बघतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे. भारतातल्या कित्येक बुरश्यांचे असे नमुने तिथे पाकिटांत जपलेले आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानेही नवी जात सापडली तर नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करायला सांगितले आहे. तरुण संशोधकांना हे कटकटीचे वाटते. मी जुन्या जातींचे प्रारूप नमुने शोधता शोधता कंटाळले आहे. काही हरवलेले, काही किड्यांनी खाल्लेले, काहींची पाकिटे शाबूत आणि आत नुसता भुगा. त्यामुळे मला ही कटकट फार कमी वाटते.

ज्या जातीच्या नावापुढे सहलेखक म्हणून माझेही आडनाव लागते, ती कुजक्या फांदीवरची, बोटभरही उंच नसलेली तपकिरी अळंबी आहे. ती कुणी खात नाही, बाजारात येत नाही, तिचा फोटोही चांगला येत नाही. नाव काय द्यावे यावर चहाच्या टपरीवर बराच वाद झाला. एकाला गुरूंचे नाव हवे होते, एकाला देवतेचे. माझा आग्रह गावाच्या नावाचा होता आणि तेच दिले गेले. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. पुढच्या माणसाला तीच अळंबी पुन्हा शोधायची असेल, तर कुठे जायचे हे नावातच कळावे.

या सगळ्या खटाटोपाचा लोकांना उपयोग काय, असे मी स्वतःलाही विचारायचे. उत्तर एका फोनने दिले. एका तालुक्याच्या गावातून डॉक्टर बोलत होते. एकाच घरातल्या माणसांना अळंबीची भाजी खाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले होते. मी पहिला प्रश्न विचारला, जेवल्यावर किती वेळाने? दोनेक तासांत, ते म्हणाले. हे ऐकून जरा धीर आला. यकृत निकामी करणाऱ्या अमॅनिटा गटातल्या अळंब्यांचे विष सहसा सहा तासांनंतर, कधी कधी त्याहूनही उशिरा लक्षणे दाखवते आणि तोवर ते कामाला लागलेले असते. त्यांनी स्वयंपाकघराच्या कचऱ्यातले तुकडे गाडीवाल्याबरोबर पाठवले. भिंगाखाली जाड भिंतीचे, टोकाला छिद्र असलेले हिरवट बीजाणू दिसले. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पावसात हिरवळीवर, मैदानांवर उगवणारी ही मोठी पांढरी छत्री. कोवळेपणी तिच्या पात्या पांढऱ्या असतात, जून झाल्यावर हिरवट पडतात. कोवळेपणीच काढली तर खाण्याजोग्या छत्रीसारखीच दिसते. मी नाव सांगितले, डॉक्टरांनी पुढचे उपचार ठरवले आणि घरातली सगळी माणसे बरी झाली. त्या कुटुंबाला अळंब्यांची माहिती नव्हती असे नाही. ते मूळचे दुसऱ्या जिल्ह्यातले, तिथे अशीच दिसणारी छत्री खाल्ली जाते. आजींचे ज्ञान अचूक होते, पण ते त्यांच्या रानापुरते होते. माणूस गाव बदलतो तेव्हा असे ज्ञान धोक्याचे होऊ शकते. शास्त्रीय नावाचा खरा उपयोग तिथे होतो, कारण ते गाव बदलले तरी बदलत नाही.

फोटो पाठवून ‘ही खाल्ली तर चालेल का?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर नेहमी ‘नाही’ असते. अळंबी कितीही ओळखीची वाटली तरी फोटोवरून मी हो म्हणत नाही. भाजीत टाकलेले चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण निळा होणे, किड्यांनी खाल्लेली अळंबी सुरक्षित असणे, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. त्यांच्या भरवशावर माणसे दवाखान्यात पोचतात.

आणखी एक गोष्ट बाजारातल्या गर्दीकडे पाहून सांगावीशी वाटते. रोवण अळमीला कळी असतानाच जास्त भाव येतो, म्हणून ती उमलण्याआधीच उपटली जाते. वाळवीची नवी वसाहत बहुतेक वेळा बुरशी बरोबर घेऊन जन्माला येत नाही. बऱ्याच जातींत नव्या घरातल्या पहिल्या कामकरी वाळव्या उमललेल्या अळंब्यांचे बीजाणू गोळा करून आणतात. सगळ्याच कळ्या बाजारात गेल्या तर बीजाणू कुठून यायचे? प्रत्येक वारुळावर चार छत्र्या उमलायला सोडाव्यात, एवढे पथ्य तोडणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी पाळायला हरकत नाही.

आणि अनोळखी अळंबी दिसली, ती कुणा अभ्यासकाला दाखवावीशी वाटली, तर एवढे करा. ती मुळासकट खणून काढा. लहान, मोठ्या, जून अशा दोन-तीन घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, तिथे ती दोन तासांत सडते. वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. जवळ कुठले झाड होते, वारूळ होते का, गाव कुठले, तारीख काय, हे त्याच कागदावर लिहा. त्याच दिवशी पोचवता येत नसेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. आणि उत्तर येईपर्यंत ती कुणालाही खाऊ देऊ नका.